पगारी वकिलाचे गुपित

खटाव-माण आणि खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी सोने-चांदी गाळत देशभर पसरली. घर वडूजला, दुकाने परराज्यांत. चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून तिथले पोलीस दारात आले, की पहिला फोन वकिलाला जातो. धंदा वाढला आणि तोच वकील पगारावर ठेवला, तर मात्र हे बोलणे गुप्त राहत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ नोकरदाराला वकिली करता येत नाही. म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले. युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक चौकशीतही, अॅक्झो नोबेल प्रकरणाच्या २०१० च्या निकालानुसार, पगारी वकिलाला असे संरक्षण नाही; इंग्लंडमध्ये मात्र आहे. एकच सल्लापत्र लंडनच्या कपाटात झाकलेले, मुंबईच्या कपाटात उघडे.

ज्याचे पोट मालकावर, त्याला स्वतंत्र मत कुठले, हा आक्षेप पोकळ नाही. पण एकाच बड्या अशिलावर जगणाऱ्या बाहेरच्या वकिलाचे संरक्षण कोणी काढत नाही. गुन्हे दडवले जातील, ही भीती तर कलम १३२ नेच मिटवली आहे: बेकायदा हेतूने झालेला संवाद त्यात बसत नाही. आजच्या स्थितीत शहाणा कायदा-अधिकारी धोक्याची सूचना लेखी द्यायचेच टाळेल. व्यापारी सल्ला वगळून निव्वळ कायदेशीर सल्ल्यापुरते संरक्षण संसदेने द्यावे. तोवर नाजूक प्रश्न कायदा-अधिकाऱ्याने बाहेरच्या वकिलाला लिहून विचारावा. त्या पत्राला कलम १३४ चा आधार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात नमूद आहे.