शिकवणाऱ्यांना शिकवणार कोण?

या वेळचे संपादकीय एका अर्जाच्या नमुन्याविषयी आहे. हिंसा, जमिनीचा हक्क, रोजगार असे एवढे प्रश्न समोर असताना कुठल्याशा प्रशिक्षणाच्या पात्रतेवर पानभर मजकूर कशाला, असे काहीजणींना वाटेल. पण एखादी गोष्ट कोणी शिकवायची हे जिथे ठरते, तिथेच त्यात काय शिकवायचे आणि काय गाळायचे हेही ठरत असते. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

फळे आणि भाजीपाला खाणाऱ्याला अपाय होऊ नये यासाठी शेतात, काढणीच्या वेळी, माल धुताना आणि भरताना काय काळजी घ्यावी, याची प्रशिक्षणे अलीकडे जागोजागी होतात. त्यांची एक उतरंड असते. सर्वांत वर 'मास्टर ट्रेनर', म्हणजे प्रशिक्षकांना तयार करणारे. त्यांच्या हाताखाली शिकून प्रशिक्षक गावोगावी जातात, आणि ते शेतकऱ्यांना शिकवतात. मागल्या वर्षी एका संस्थेने आमच्या भागात या वरच्या पायरीसाठी अर्ज मागवले. आमच्या गटातल्या चौघीजणींचे अर्ज मी स्वतः बसून भरून घेतले. त्यांतली एक सोळा वर्षे द्राक्षबागेत काम करते आणि वीस बायकांची टोळी सांभाळते. दुसरी अर्ध्या एकरात भाजी पिकवते आणि आठवडी बाजारात स्वतः विकते. चारही अर्ज परत आले. कारणे तीन : कृषी शाखेची पदवी किंवा पदविका नाही, स्वतःच्या नावाचा सातबारा नाही, संगणकाचे प्रमाणपत्र नाही.

माझी तक्रार त्या एका संस्थेपुरती नाही. अटी घालणाऱ्यांनी त्या कोणाचा दुस्वास म्हणून घातल्या, असेही मी म्हणत नाही. 'शेतकरी' आणि 'तज्ज्ञ' हे शब्द उच्चारताना त्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो, तो पुरुष असतो. अर्ज त्याच्याच मापाने बेतलेला असतो.

आपल्याकडे सुरक्षित शेतमालाची चर्चा प्रामुख्याने द्राक्षांमुळे सुरू झाली. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि अंश-तपासणीची व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यात महत्त्वाचे काम आले. २०१० साली पुन्हा क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांवरून युरोपच्या बंदरांत माल अडकला. या दोन धक्क्यांतून बागायतदार पुष्कळ शिकले. कोणते औषध कधी थांबवायचे आणि फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा, हे आज नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना पाठ असते. ही कमाई मोठी आहे.

पण याचा एक परिणाम झाला. 'सुरक्षित माल' म्हणजे 'औषधाचा अंश नसलेला माल' एवढाच अर्थ रूढ झाला. अंश हा फवारणीचा प्रश्न, आणि फवारणी बहुधा पुरुषांच्या ताब्यात. त्यामुळे सुरक्षिततेचा जाणकार म्हणजे औषधांचा जाणकार, असे समीकरण बसले.

खाणाऱ्याला अपाय करणारी दुसरी गोष्ट म्हणजे जंतू. ते येतात न कुजलेल्या शेणखतातून, सांडपाणी मिसळलेल्या ओढ्याच्या पाण्यातून, अस्वच्छ क्रेटमधून आणि हातांवरून. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, द्राक्षे आपण कच्चीच खातो, म्हणजे शिजवताना जंतू मरतील ही सोयही तिथे नाही. आता हे काम कोणाचे आहे ते पाहा. मेथी उपटणे, जुड्या बांधणे, त्या धुणे, द्राक्षाची विरळणी, घड कातरणे, पॅकहाऊसमध्ये मणी निवडून डबे भरणे, हे सगळे बायकांच्या हातून होते. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या आदिवासी बायकाही त्यात असतात. म्हणजे सुरक्षिततेचा निम्मा भाग बायकांच्या हातांवर उभा आहे. तरी त्या भागाला ज्ञान म्हणण्याची पद्धत नाही. त्याला 'मजुरी' म्हणतात.

प्रशिक्षणात या भागाची बोळवण एका वाक्यात होते : 'मजुरांनी हात स्वच्छ धुवावेत.' कुठे धुवावेत? सकाळी आठपासून बागेत असलेल्या बाईला जवळ पाणी असते का? साबण असतो का? आडोसा तरी असतो का? दिवसभर लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकीच्या ओळखीच्या आहेत. पाळीच्या दिवसांत तर बोलायलाच नको. हा प्रश्न आपण आजवर बाईच्या आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचा म्हणून मांडला. तो तसा आहेच. शिवाय तो खाणाऱ्याच्या आरोग्याचाही आहे. शेतात संडास नसेल तर माल सुरक्षित नाही, हे वाक्य प्रशिक्षणात ठणकावून कोण सांगेल? ज्याला तो त्रास कधी झाला नाही, त्याच्या टिपणवहीत ते येण्याची शक्यता कमीच.

अमेरिकेत याविषयी कायदाच आहे. तिथे २०११ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला आणि २०१५ साली त्याखाली फळे-भाजीपाल्याचे नियम आले. नियमांच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक शेतातल्या किमान एका जबाबदार व्यक्तीने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्यावे लागते. शेतात काम करणाऱ्यांसाठी संडास हवा, हात धुण्यासाठी साबण, वाहते पाणी आणि हात कोरडे करण्याची सोय हवी. साबणाऐवजी नुसते जंतुनाशक द्रव हातांना चोळून चालत नाही. मजुरांना समजेल अशाच रीतीने शिकवले पाहिजे, असेही नियम सांगतो. कॉर्नेल विद्यापीठातून चालणाऱ्या एका उपक्रमाने त्यासाठी अभ्यासक्रम तयार केला. त्यात प्रमुख प्रशिक्षक व्हायचे असेल तर आधी प्रशिक्षकांचा वर्ग पुरा करावा लागतो. मग विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची हातोटी, दोन्ही लेखी अर्जातून दाखवून द्यावी लागतात. तिथे सारे आलबेल आहे असे मानण्याचे कारण नाही. सक्तीचे पूर्ण प्रशिक्षण तिथेही देखरेख करणाऱ्यालाच आहे, तोडणी करणाऱ्यांना नव्हे. पण शिकवता येणे ही स्वतंत्र पात्रता आहे, हे तिथे मान्य झाले आहे.

आपल्याकडच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कलम १८ मध्ये शेतकरी आणि शेतीची कामे कायद्याबाहेर ठेवली. लहान शेतकऱ्यामागे तपासनीसांचा ससेमिरा नको, हे योग्यच. मात्र त्यामुळे शेतातल्या सोयींची सक्ती येते ती परदेशी खरेदीदाराच्या अटींतून. निर्यातीच्या द्राक्षाला एक न्याय आणि आपल्या मुलांच्या ताटातल्या कोथिंबिरीला दुसरा, असे झाले आहे. कायदा नाही तिथे सारी भिस्त प्रशिक्षणावर, म्हणजे पर्यायाने प्रशिक्षकांना घडवणाऱ्यांवर राहते.

बाईला शिकवता येते हे आता सरकारही मान्य करते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास खात्यांत करार झाला. बचतगटांतल्या बायकांना ५६ दिवसांचे प्रशिक्षण आणि परीक्षा घेऊन 'कृषी सखी' म्हणून प्रमाणपत्र देण्याची योजना पहिल्या टप्प्यातल्या १२ राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र आहे. त्यांना वर्षाला सरासरी ६० ते ८० हजार रुपये मिळू शकतात, असे सरकार सांगते. पाऊल स्वागतार्ह आहे. पण ही सखी गावात शिकवणार, आणि तिला शिकवणारे पुन्हा पदवीधरच असणार का? आरोग्यसेविका, अंगणवाडी ताई, आशा यांच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे : खालची पायरी बाईची आणि मानधनावरची, वरची पायरी पगाराची आणि बहुधा पुरुषाची.

याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. तिथे शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, अनेकदा दलित असलेल्या बायका ग्राम आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. पुढे त्यांनी नव्या कार्यकर्त्यांना घडवले आणि देशोदेशींहून येणाऱ्या शिकलेल्या लोकांनाही शिकवले. आंध्र प्रदेशात नैसर्गिक शेतीच्या कामात बचतगटांतल्या शेतकरी बायका इतर शेतकऱ्यांना शिकवतात. शिकवणाऱ्यांना शिकवण्याची ताकद पदवीशिवाय येऊ शकते, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

इथे एक सावधगिरी मात्र आपणही बाळगली पाहिजे. अनुभव म्हणजे सर्व काही, अशी आपली भूमिका असू नये. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध असते असे नाही, आणि खत काळे पडले म्हणजे ते पुरते कुजले असेही नाही. क्रेट आधी धुवायचा आणि मगच त्याला जंतुनाशक लावायचे, हा क्रम का, हे शास्त्र समजल्याशिवाय कळत नाही. म्हणून परीक्षा सोपी करा, अशी आमची मागणी नाही. परीक्षा कठीणच असू द्या. पण ती मराठीत असू द्या. ती तोंडी आणि हातांनी करून दाखवायची असू द्या, आणि तिच्या दारापर्यंत पोहोचू द्या.

आणखी एक. खाणाऱ्याची सुरक्षितता शिकवताना पिकवणाऱ्याची सुरक्षितता बाजूला पडते. द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून जे पेस्टिंग करतात, त्यातल्या हायड्रोजन सायनामाइडने कातडी भाजते. माल हाती येईपर्यंत त्याचा अंश उरला नाही, म्हणजे प्रश्न संपला का? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पीक कापसाचे होते, खाण्याचे नव्हते. मेले ते हाताळणारे. खाणारा आणि राबणारा या दोघांची काळजी एकाच अभ्यासक्रमात आली पाहिजे, आणि ती तिथे आणायला राबणारी बाईच तिथे बसलेली हवी.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पदवीला पर्याय म्हणून ठरावीक वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव ग्राह्य धरावा. सातबाऱ्याची अट काढावी : २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेतीच्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आहेत, आणि शेतमजूर बाईकडे तर जमीनच नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून द्यावी, लहान मुलांची सोय करावी. पद द्याल तर पगारही द्यावा.

मैत्रिणींनो, आपापल्या तालुक्यातल्या कृषी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात आणि बाजार समितीत अशा प्रशिक्षणाचे अर्ज मिळवा. पात्रतेचा रकाना गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा, आणि त्यातून आपल्यापैकी कितीजणी बाद होतात ते मोजा. तो आकडा आणि तुमचे अनुभव आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाआधी सर्व गटांचे मिळून एक निवेदन कृषी आयुक्तांकडे द्यायचे आहे. त्यावर तुमच्या सह्या हव्या आहेतच. त्याहून अधिक हवी आहेत ती पहिल्या तुकडीत बसायला तयार असलेल्या बायकांची नावे.