आधी ग्लायडर, मग विमान

अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था होते आहे; वर्षाला १८० वैमानिक घडवायचा तिचा इरादा आहे. पण वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या एखाद्या बागायतदाराच्या पोरीला पायलट व्हायचं असेल, तर परवान्याचा खर्च लाखांत जातो, आणि आपल्याला उडणं जमतं का हे तो खर्च केल्यावरच कळतं.

ते आधी कळायचा मार्ग ग्लायडिंगचा. इंजिन नाही, विंचचा दोर वर खेचतो, तो सुटला की तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा शोधत राहायचं. चैत्रातल्या वऱ्हाडात त्या हवेला काय तोटा! महाराष्ट्रात मात्र त्यासाठी पुण्याचं हडपसर गाठावं लागतं. तिथलं केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं आहे. शेंदूरजनाघाटहून ते सहाशे किलोमीटरच्या पलीकडे.

जवळ केंद्र काढायचं तर प्रायोजक लागेल. मग या खेळाला प्रायोजक का नाही? तळेगाव दशासरच्या शंकरपटाला बक्षिसं लागतात, कारण बैलजोडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धावते. ग्लायडर थोड्या वेळात ठिपका होतं. पोलंडचा सेबास्टियन कावा दहाहून अधिक वेळा जगज्जेता झाला, पण शिक्षणाने तो डॉक्टर आहे; म्हणजे जगज्जेत्याच्याही हाताशी दुसरा पेशा आहे. एअरबसने पर्लान-२ या ग्लायडरला पाठबळ दिलं, ते शर्यतीसाठी नव्हे. २ सप्टेंबर २०१८ला ते ग्लायडर अर्जेंटिनात २३ किलोमीटरच्या वर गेलं, आणि कंपनीला संशोधन व नाव दोन्ही मिळालं.

म्हणून आपल्याकडे प्रायोजकाने विजेत्यामागे धावू नये. त्याने नवख्यांच्या पहिल्या उड्डाणांचे पैसे भरावेत. जंभेरीचा खुंट नीट धरल्याशिवाय संत्र्याचा डोळा बांधत नाहीत, हे शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांना सांगायला नको. हा पाया पुढे मोठ्या विमानातही कामी येतो. १९८३ साली एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून हवेतच मुकं झालं, तेव्हा कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. पिअर्सन मुरलेले ग्लायडरवाले होते.

अमरावतीत १९१४पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. एक विंच, दोन आसनांची दोन ग्लायडरं आणि पगारी प्रशिक्षक एवढं त्याने उभं करावं. बेलोऱ्यावर प्रवासी विमानं उतरतात, म्हणून मैदान वेगळं हवं. पैसा संत्र्याचे व्यापारी आणि सहकारी बँकांनी घालावा. एअर इंडियानेही प्रवेशाच्या वेळी ग्लायडरवरच्या तासांना वजन द्यावं. मग प्रायोजकाला आपल्या पैशावर शिकून नोकरीला लागलेली वरुड तालुक्यातली पोरगी दाखवता येईल, आणि प्रशिक्षकाला याच खेळावर घर चालवता येईल.