जामीन कोण राहणार?



१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हजारो परत आत गेलेच नाहीत. भोंगे थांबले, चुली थंडावल्या, आणि लालबाग-परळ-भायखळ्यातली कामगारांची पोरं नाक्यावर आली. त्याच नाक्यावरून टोळ्यांनी त्यांना उचललं. इथवर सगळे बोलतात. पोरगा अडकतो कसा, ते कुणी बोलत नाही.

भाई पहिल्या दिवशी हातात घोडा देत नाही. चहा पाजतो. पुडकं पोचव म्हणतो. मग एखाद्या किरकोळ मारामारीत पोरगा आत जातो. माय ठाण्याच्या पायरीवर रात्र काढते. बापानं खाडा केला तर रोज बुडतो. पुढारी भेटत नाही. आणि भाईचा वकील सकाळीच कोर्टात हजर! त्या जामिनाच्या कागदावर पोरगा विकला जातो. उपकार फेडता फेडता घोडा हातात येतो.

मग सरकार जागं होतं. १९९९ चा मोक्का. टोळीचा सभासद म्हणून गुन्हा शाबीत झाला की कमीत कमी ५ वर्षं आणि ५ लाख दंड. कोर्टानं मुदत वाढवली तर चार्जशीटविना १८० दिवस कोठडी. ५ लाख! ज्याच्या बापाकडं जामिनाला ५ हजार नव्हते त्याला!

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमाती, बाया, मुलं, कोठडीतला कुठलाही माणूस, यांना सरकारी खर्चानं वकील मागण्याचा हक्क आहे. पण कागद घेऊन कोर्टाच्या त्या कचेरीत जायला माणूस लागतो. जामीनदार लागतो. तो कुठाय?

माझंच सांगतो. वस्तीतल्या एका दोस्ताची माय रात्री दारात आली. गोदीत माझी सकाळची पाळी होती. म्हटलं, "मावशी, उद्या बघू." भाईनं उद्याची वाट बघितली नाही. दोस्त आज जेलात आहे. मी इथं संपादकीय लिहितोय. थू माझ्यावर!

म्हणून, ज्याच्याकडं पगाराची चिठ्ठी आहे त्यानं वस्तीत आपलं नाव जामीनदार म्हणून सांगून ठेवावं. दोघांनी विधी सेवेच्या कचेरीचा रस्ता पाठ करावा. पहिलं नाव माझं लिहा. पोरगा उचलला की रात्री कितीही वाजता दार वाजवा. खाडा पडला तर पडू दे.