पुडीवर लिहून ठेवा

सुरतेच्या कतारगाममध्ये हिरा सुटा फिरत नाही. माल कारखान्यात शिरला की घडीच्या कागदात जातो. कागदावर वजन, नग आणि लॉटचा नंबर चढतो. मग आखणीपासून पैलू पाडण्यापर्यंत ज्याच्या टेबलावर ती पुडी जाईल तो आधी तोलतो आणि मग उघडतो. काम झाले की पुन्हा तोल, पुन्हा नोंद. कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. तेवढी घट आली तरी ती कोणाच्या हातात आली हे संध्याकाळी सांगता येते. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे व्यापारात म्हणतात, आणि तो सगळा कारभार या पुडीच्या भरवशावर चालतो.

त्याच कतारगामच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, किंवा आपल्या पुण्या-कोल्हापुराच्या, जळगावच्या अंगणांत, जुनी मोटारसायकल उघडली जाते तेव्हा काय होते? सगळे नटबोल्ट एका पत्र्याच्या डब्यात आणि वरून रॉकेल. फाटलेले पॅकिंग केरात. वॉशर किती होते, जाड आत की बाहेर, केबल हँडलच्या पुढून आली होती की मागून, हे सगळे ‘लक्षात राहील’. गाडी उघडायला एक रविवार पुरतो. मग क्रोमवाला, पेंटर आणि लेथवाला यांच्या फेऱ्यांत पावसाळा येतो, दिवाळी जाते, आणि डब्यासमोर बसावे तर लक्षात काहीच राहिलेले नसते. या महिन्याचे संपादकीय त्या डब्याविरुद्ध आहे.

गेल्या हिवाळ्यात कतारगाममध्ये एका घरी जाणे झाले. (दिवस पापडीचे होते. हिऱ्यांच्या आधीपासून या भागाचे नाव पापडीमुळे, आणि सुरती उंधियूला आजही तीच लागते.) यजमान मूळचे शिरपूरकडचे, हिऱ्याच्या कारखान्यात असॉर्टर. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये वडिलांची येझ्दी उघडून ठेवलेली. भिंतीशी प्लायवूडचा तुकडा, आणि त्यावर हिऱ्याच्या कागदाच्या पुड्या ओळीने मांडलेल्या. एकेकीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात मजकूर: ‘मागचे चाक, डावी बाजू. वॉशर 2, जाड आत.’ ‘मेन जेट. नंबर वहीत.’ ‘सिलिंडरखालचे पॅकिंग, तुकडे. जाडी मोजली.’

त्या शेवटच्या पुडीपाशी मी थांबलो. फाटलेल्या पॅकिंगचे तुकडे कोण जपतो? पण टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरखालचे पॅकिंग जाड झाले की सिलिंडर वर उचलला जातो आणि पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ सरकते. शिवाय कॉम्प्रेशन कमी होते ते वेगळेच. बाजारातले पॅकिंग जुन्याच्या जाडीचे असेलच असे नाही. गाडी जोडल्यावर ‘पिकअप पहिल्यासारखा नाही’ म्हणून कार्बोरेटरला शिव्या देण्यापेक्षा ही पुडी स्वस्त पडते.

“एवढा कागद कशाला, भाऊ?” असे मी विचारले. ते म्हणाले, “कारखान्यात एक सेंट कमी भरला तरी विचारतात, दादा. इथं विचारणारं कुणी नाही, म्हणून लिहितो.”

ही शिस्त येझ्दीवर उपयोगी आहे, पण बुलेटवर तिच्यावाचून गत्यंतर नाही. जावा-येझ्दी मूळ चेकोस्लोव्हाकियाची, त्यामुळे तिचे आटे मेट्रिक. राजदूत 175 पोलंडच्या एसएचएलवरून आलेली, तिचेही तेच. बुलेटचा वंश इंग्लंडचा. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली ती ब्रिटिश आट्यांसकट, आणि ते आटे पुढे कित्येक वर्षे टिकले. नंतरच्या गाड्यांत मेट्रिकची भेसळ झाली. आता हा सापळा पाहा. पाव इंची सायकल-आट्याच्या बोल्टला इंचाला 26 आटे असतात. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे अंतर मोजले तर इंचाला 25.4 भरतात. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला सहाचा बोल्ट बुलेटच्या पाव इंची भोकात गुमान शिरतो, हाताने फिरतो आणि बसल्यासारखाही वाटतो. पण तो अंगाने बारीक, 6.35 च्या जागी 6. पाना लावून आवळला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. मग हेलिकॉइल, नाहीतर वेल्डिंग, नाहीतर ‘एम-सील लावून टाक’. डब्यात कालवलेल्या बोल्टांचे निम्मे नुकसान असे होते, आणि ते करणारा माणूस गिऱ्हाइकाला सांगतो की गाडीच जुनी आहे.

नोंदीचा दुसरा भाग मापांचा. बुलेट 350 चा मूळ बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90. जुन्या जावा 250 चा बोअर 65, स्ट्रोक 75. आज तुमच्या हातात आलेला सिलिंडर त्या मापाचा नसणार, तो मधल्या मिस्त्रींनी कितीदा तरी वाढवलेला असणार. पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइझचा आकडा काजळी खरवडण्याआधी वाचा आणि लिहा. बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजा. हे न करता ‘पुढच्या साइझला टाक’ म्हणणारा माणूस सिलिंडरचे आयुष्य एका फटक्यात कमी करतो. साधे होनिंग आणि नव्या रिंगा पुरल्या असत्या तिथेही रीबोर होतो, कारण लेथवाल्याकडे गेल्यावर रीबोर न करता परतणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

आता नंबर. या अंकासाठी लेखणी खरी उचलली ती यासाठी.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, पुनर्नोंदणीला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. रोजची ये-जा करायला किंवा धंद्याला ही गाडी वापरायची नाही. पण आपल्या दृष्टीने कळीची अट निराळी आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन मुळापेक्षा वेगळे होईल असा मोठा फेरफार झालेला नको.

ही अट मी जशी वाचतो त्याप्रमाणे रीबोर, नव्या रिंगा, त्याच छटेचा रंग यांना तिची आडकाठी नाही. पण जुन्या येझ्दीच्या चासीत रोडकिंगचे इंजिन बसवून ‘रिस्टोर’ म्हणणाऱ्यांची पंचाईत आहे. बुलेटवाल्यांची तर जास्तच. सौराष्ट्रात बुलेटचा पुढचा भाग आणि इंजिन तीनचाकी छकड्याला जोडण्याची पद्धत एके काळी गावोगाव होती. राजकोटच्या अतुल ऑटोने पुढे छकड्याला कारखान्यातले रूप दिले. त्या काळात कितीतरी इंजिने आणि चासी एकमेकांपासून तुटल्या. सुरतेत सौराष्ट्रातून आलेली माणसे लाखांनी आहेत, त्यांच्यामागोमाग आलेल्या बुलेट घेताना इंजिन नंबर, चासी नंबर आणि आरसी बुक ही तिन्ही समोरासमोर धरून पाहावीत. मागाहून पाहण्यात अर्थ नाही.

आणि जो नंबर शाबूत आहे तो आपणच घालवतो. चासी सँडब्लास्टिंगला जाते, हँडलच्या मानेवरचे आकडे वाळूच्या माऱ्याने बुजतात. वर पावडर कोटिंगचा 60 ते 100 मायक्रॉनचा थर बसला की आरटीओच्या निरीक्षकाला बोटाने चाचपून आकडा शोधावा लागतो. न दिसणारा आकडा परवानगीशिवाय पुन्हा पंच करणे बेकायदा आहे, मग हेतू कितीही स्वच्छ असो. कतारगामच्या यजमानांनी चासी द्यायच्या आधी हिरा पाहायच्या दसपट भिंगाने एकेक आकडा वाचला होता. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीची छाप घेतली होती, फोटो काढला होता, आणि त्या जागी भट्टीची उष्णता सोसणारी टेप लावून मगच माल दिला होता. खरे तर पेन्सिल प्रिंट आरटीओच्या अर्जावरही लागतेच. ती गाडी उघडायच्या दिवशीच घेऊन ठेवायला किती वेळ लागतो?

50 वर्षांच्या अटीचा हिशेब थोडा पुढे न्या. 1973च्या ‘बॉबी’ चित्रपटात झळकलेली राजदूत जीटीएस आणि त्याच वर्षी येझ्दी हे नाव घेतलेल्या मैसूरच्या गाड्या, यांच्यातल्या पहिल्या आत्ता कुठे या रेषेपलीकडे गेल्या. 1983ची राजदूत 350 येत्या 2033 नंतर जाईल, 1985ची आरएक्स 100 त्याच्या दोन वर्षांनी. आज आरएक्सचे मूळ मडगार्ड कापून, इंडिकेटर काढून, सायलेन्सर फोडून जे ‘मॉडिफाय’ चालले आहे, तेच दुकानदार दहा वर्षांनी मूळ मडगार्डसाठी भंगारवाल्याच्या दारात उभे राहणार आहेत. निदान काढलेला माल पुडीत घालून माळ्यावर टाका. गिऱ्हाइकाला हवे ते करून द्या, पण काढलेले सगळे त्याच्या हवाली करा आणि यादीवर सही घ्या.

जळगाव-धुळ्याहून सुरतेला गाडी आणणाऱ्यांसाठी एवढेच की 12 महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नंबर बदलणे कायद्याने लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी. ती आधी मिळवा, इंजिन नंतर उघडा.

सुरतेची जुनी गाडी घेताना आणखी एक प्रश्न विचारायचाच: ऑगस्ट 2006 मध्ये ही कुठे उभी होती? उकाईचे पाणी सोडल्यावर तापीने शहराचा बहुतांश भाग बुडवला आणि पार्किंगमधल्या गाड्या गाळासकट पाण्याखाली राहिल्या. नंतर त्या धुतल्या गेल्या, रंगवल्या गेल्या, विकल्याही गेल्या. पण हेडलाइटच्या वाटीत आतून गाळाची रेघ राहते, स्विंगआर्मच्या नळीत माती राहते, ब्रेकड्रमच्या आत राहते. क्रॅंकचे बेअरिंग काढले आणि ते एकाच बाजूने खड्डे पडलेले निघाले, तर पाणी तिथपर्यंत साचून उभे होते असे समजा. अशी गाडी वाईट नसते, पण तिची किंमत वेगळी असते. आणि पुढचा पूर येईल तेव्हा भिजलेल्या गाडीला किक मारू नका. प्लग काढा, तेल सोडून द्या, डिझेलने धुवा, मग पुढचे.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे. जुने रबर आणि टाकीत आतून लावलेले काही लेप त्याला टिकत नाहीत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. जुन्या ब्रेकशूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

क्रोमबद्दल मत सांगून टाकतो. सुरतेला मुलामा नवा नाही, जरीच्या तारेला सोने चढवण्यात या गावाच्या पिढ्या गेल्या. चांगले क्रोम म्हणजे तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम असे तीन थर, आणि ते काम कारखान्यातच व्हावे, घरी क्रोमिक ॲसिडशी खेळू नये. माझी तक्रार क्रोमच्या आधीच्या बफिंगशी आहे. चकाकीच्या हव्यासात कव्हरवरची मूळ उठावाची अक्षरे झिजून सपाट होतात. अशी गाडी प्रदर्शनात बक्षीस मिळवते, कारण परीक्षक लांबून पाहतात. मला विचाराल तर डाग पडलेले पण अक्षरे शाबूत असलेले कव्हर केव्हाही वरचढ. त्याला क्रोमवाल्याकडे पाठवूच नका. जे पाठवाल त्याची चिठ्ठी करा: वस्तू, नग, फोटो, दोघांच्या सह्या. बारीक माल हरवतो तो तिथेच, आणि येझ्दी बनवणाऱ्या आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, तेव्हा बदली माल मागायला जायचे कुठे?

हिऱ्याचे कारखाने दिवाळीला बंद होतात आणि कतारगाम गावाकडे निघते. ज्यांना या सुट्टीत इंजिन उघडायचे आहे त्यांनी प्लेटिंग आणि लेथची कामे आधीच उरकावीत, कारण तेव्हा कामगार नसतात.

आता वाचकांकडे एक मागणे. दिवाळीनंतरच्या अंकात जावा-येझ्दी, राजदूत, बुलेट आणि आरएक्स यांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या मापांचा तक्ता छापायचा विचार आहे: पॅकिंगची जाडी, वॉशरचा क्रम, बोल्टचे आटे आणि लांबी, मूळ जेटचे नंबर. ऐकीव माप नको. गाडीचे वर्ष, मॉडेल आणि कशाने मोजले ते लिहा, फोटो जोडा. चासी आणि इंजिन नंबर मात्र पाठवू नका, ते तुमच्या वहीतच ठेवा. मजकूर महिनाअखेरीपर्यंत कार्यालयात पोहोचावा.