जैसलमेरला जाताय? स्टोव्ह घरीच ठेवा!

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र माझ्यासमोर आहे. दिवाळीनंतर घरातली सहा माणसं जैसलमेरला निघाली आहेत, तिकिटं काढून झाली आहेत. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, मुलांना तिखट चालत नाही आणि यजमानांना मटणाशिवाय सहल ही सहल वाटत नाही. चार दिवसांसाठी छोटा स्टोव्ह, कुकर, डाळ-तांदूळ आणि भाजणी बरोबर न्यावी का, असं तिनं विचारलं आहे. पत्राच्या शेवटी, जागा संपत आल्यावर लिहितात तशा बारीक अक्षरांत, एक ओळ आहे : लग्नाला चौदा वर्षं झाली, पण गावाला गेल्यावर आपल्यापुढे कुणी आयतं ताट आणून ठेवलंय, असं फारसं आठवत नाही.

मैत्रिणींनो, मला तर वाटतं की खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे.

स्टोव्हचं आधी सांगून टाकते. रॉकेल, गॅसची शेगडी, सिलिंडर यांपैकी काहीही रेल्वेतून नेणं हा कायद्यानं गुन्हा आहे. विजेची शेगडी नेलीत तर हॉटेलवाले हरकत घेतात. हे मला कसं ठाऊक? आम्ही पहिल्यांदा राजस्थानात गेलो तेव्हा मी विजेची शेगडी नेली होती. न्हाणीघरात बसून खिचडी शिजवत होते, तेवढ्यात मजल्यावरचे दिवे गेले. मॅनेजर वर आला, ह्यांना चार शब्द ऐकावे लागले, आणि ते मग रात्री मला ऐकावे लागले. खिचडी अर्धी कच्ची. बाहेर चांदणं काय सुंदर पडलं होतं म्हणे. मी भांडी विसळत होते.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले आणि दुसऱ्या टोकाला गेले. सगळं ठरवूनच टाकलं : सम इथल्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत मुक्काम, चहा, उंटाची फेरी, नाच-गाणं आणि रात्रीचं जेवण, सगळ्याचे मिळून पैसे आधीच भरलेले. सम हे जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. कार्यक्रम रंगत गेला, जेवण मात्र केव्हाचं तयार करून टेबलावर मांडून ठेवलेलं. खाली मेणबत्त्या होत्या, पण त्या वाऱ्यानं विझलेल्या. पनीरची दाट मलईची भाजी, चिरून ठेवलेली काकडी-बीट, पुदिन्याची चटणी. सासूबाईंनी त्यातलंच थोडंथोडं घेतलं. रात्री दीडला त्यांना उलट्या सुरू झाल्या. तेव्हा त्या एक्काहत्तर वर्षांच्या होत्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, गाडीवाला जागेवर नाही, आणि चाळीस किलोमीटरचा काळोख. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत मी पहाटेपर्यंत बसले होते. शहरात आणून सलाईन लावल्यावर दुपारपर्यंत त्यांना हुशारी आली. त्या रात्री मनाशी काय काय आलं, ते इथे लिहीत नाही.

पण पुढचं जरूर लिहिते, कारण खरी अक्कल मला दुसऱ्या दिवशी आली.

संध्याकाळी सासूबाईंना भूक लागली. कुठे न्यावं? आम्ही उतरलो होतो तिथल्या माणसानं जवळच्या एका साध्या खाणावळीचं नाव सांगितलं. बाकंच होती, गालिचे-बिलिचे नव्हते. त्यांनी सासूबाईंना बाजरीची मऊ खिचडी आणि ताक दिलं, आणि आम्हाला बाजरीच्या भाकरीबरोबर काळपट, सुकी, काटक्यांसारखी दिसणारी एक भाजी. माझ्या ताटातली ती भाजी निरखत सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात तर भोकरं आहेत!" आणि खरंच, भोकरंच होती ती! ज्याचं आपण लोणचं घालतो, तेच भोकर. तिथे त्याला गुंदा म्हणतात.

त्या भाजीचं नाव पंचकुटा. केर, सांगरी, कुमटिया, गुंदा आणि आमचूर, अशा पाच वाळवणांची ही भाजी. केर हे झुडपाचं बोराएवढं कच्चं फळ, कुमटिया म्हणजे एका जातीच्या बाभळीच्या बिया, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे दुसरंतिसरं काही नव्हे, आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. तिकडे तिच्यावर घरं जगतात. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईनं झाडाला मिठी मारली आणि जीव दिला. तिच्यासह 363 माणसं गेली. हे समजल्यावर ताटातली ती काटकी मी वेगळ्या नजरेनं चावली.

आता मुद्द्याचं. ज्या मुलखात पाणी नाही, ताजी भाजी नाही, तिथल्या बायकांनी शेकडो वर्षं काय रांधलं असेल? ज्याला पाणी कमी लागतं, जे टिकतं, जे उन्हात नासत नाही ते. वाळवलेल्या शेंगा, बेसनाचे गट्टे, मुगाच्या मंगोड्या, भाजीअभावी चक्क पापडाची भाजी. पाण्याऐवजी दही-ताक आणि कोरडं पडू नये म्हणून तूप. ज्या घरांनी 1972 चा दुष्काळ पाहिला, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. आपले सांडगे आणि पाटवडीचा रस्सा याच विचारातून आले आहेत. तेव्हा वाळवंटात पोट सांभाळायचं असेल तर वाळवंटाचं खावं. पनीर, मलई, नूडल्स, कच्ची कोशिंबीर ही तिथली पाहुणी मंडळी. चांगली मिळतील तेव्हा उत्तमच, पण बिघडतात तीच आधी.

आणि गंमत म्हणजे सोलापूरच्या सासूबाईंचा प्रश्नही इथेच सुटतो. जैसलमेरात जैनांची मोठी परंपरा आहे, किल्ल्यात त्यांची कोरीव देवळं आहेत. हिंगाच्या फोडणीवरचं, कांदा-लसणाशिवायचं जेवण मागितलं तर तिथे कुणी डोळे वटारत नाही. फक्त मागायचं आधी, ताट आल्यावर नाही. लसणीची लाल चटणी न विचारता वाढतात, तिच्यावर नजर ठेवा.

आता ठिकाणं सांगते. मात्र हॉटेलं हात बदलतात, आचारी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी उतरलात तिथे एकदा विचारून घ्या.

घरातली सगळी मिळून एक संध्याकाळ मजेत घालवायची असेल तर ढिब्बा पाड्यातलं ‘डेझर्ट बॉइज ढाणी’ मला सर्वांत पसंत. भिंतीआडचं फरसबंद अंगण, मध्ये मोठं झाड, टेबलं आहेत आणि गादी-तक्क्याची बैठकही आहे. शाकाहारी जेवण, रात्री राजस्थानी गाणं आणि नाच. मुलं इकडेतिकडे पळाली तरी जीव टांगणीला लागत नाही. गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, कढी आणि तव्यावरून उतरलेली भाकरी मागवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मात्र आधीच टेबलाची जागा धरा. तक्क्यावर बसवलेल्या सासूला उठवायला दोघंजण लागतात!

यजमानांच्या मटणासाठी गांधी चौकातलं ‘ट्रायो’. गच्चीवरचं, फार वर्षांचं नाव असलेलं हॉटेल. लाल मांस हा तिकडचा खास पदार्थ. त्याचा लाल रंग नि झणका मिरचीचा, आणि जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची त्यासाठी नावाजलेली. कोल्हापुरी माणसानंसुद्धा पहिल्या घासाला फुशारकी मारू नये. त्याच भागात नाचणा हवेलीच्या गच्चीवर ‘सॅफ्रॉन’ आहे, तिथेही सामिष मिळतं आणि बसायला जागा देखणी. दोन्हीकडे उजेड असतानाच जाऊन बसा. सूर्य उतरू लागला की पिवळ्या दगडाचा तो किल्ला सोन्याचा कसा होतो, हे जेवता जेवता दिसतं. मुलांनी डोशासाठी हट्ट धरला तर हनुमान चौकाजवळच्या ‘चंदन श्री’त जा. गर्दी असते, शोभा काही नाही, पण थाळीही मिळते आणि डोसाही.

किल्ल्यातल्या हॉटेलांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 1156 साली वसवलेल्या त्या किल्ल्यात आजही माणसं संसार करतात. तिथल्या मोऱ्या बांधल्या त्या घागरीनं पाणी वाहून आणणाऱ्या घरांसाठी. आता नळ आले, हॉटेलं आली, अंघोळी वाढल्या, आणि ते पाणी पायात मुरून तट खचू लागले. तुंबलेली मोरी म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून मी किल्ला पाहायला सकाळी जाते, पण राहते आणि जेवते खाली. आणि एक सांगू? किल्ल्यात बसून किल्ला दिसत नाही.

दाल-बाटी-चुरमा सगळेच खातात, तुम्हीही खाल. खानदेशातल्या भगिनींना वरण-बट्टी नवी नाही. फक्त ती दुपारी खा. दुपारची बाटी किल्ला चढता-उतरता जिरते. रात्रीची सकाळपर्यंत पोटात दगडासारखी बसते. थाळी भरपूर असते, म्हातारी माणसं आणि मुलं यांच्यात एक पुरते. वाढपी तुपाची वाटी घेऊन उभाच असतो. ‘बस’ म्हणताना तळहात ताटावर आडवा धरा, नुसत्या बोलण्यावर तो थांबत नाही.

तंबूतला मुक्काम टाळा, असं मी म्हणणार नाही. टेकड्यांवरची रात्र बघावीच. कालबेलियांचा नाच, 2010 साली युनेस्कोनं ज्याचा गौरव केला तो, आणि डोक्यावर एवढ्या चांदण्या, असं घरी कुठे? पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा : जेवण किती वाजता रांधतात, आणि भाकरी समोर भाजून मिळेल का? मग रात्री वाफ निघणारी डाळ, भाकरी नि वाळवणाची भाजी एवढंच वाढून घ्या. चिरलेलं काही नको, थंड चटणी नको, पाणी सीलबंद बाटलीचंच. क्षारसंजीवनीची चार पाकिटं पर्समध्ये असू द्यात. आणि गाडीवाला रात्री तिथेच थांबणार आहे ना, हे त्याच्याच तोंडून ऐका.

एक धोक्याची सूचना यजमानांसाठी. किल्ल्याच्या दाराशी सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान आहे. तिथली लस्सी आपल्या लस्सीसारखीच दिसते, बिस्किटंही बिस्किटांसारखीच. इतर ठिकाणीसुद्धा ‘स्पेशल लस्सी’ असं लिहिलेलं दिसलं तर ‘स्पेशल’ म्हणजे काय ते मुलांच्या हाती पेला देण्यापूर्वी विचारा. आमच्या गाडीतले एक प्रौढ गृहस्थ न विचारता प्यायले, आणि गडीसर तलावाच्या पायरीवर बसून दोन तास स्वतःच्याच चपलेकडे पाहून हसत होते.

येताना भाटिया बाजारातल्या धनराज रणमल भाटियांच्या जुन्या दुकानातून घोटुवा लाडू आणा. बेसनाचाच, पण घोटून इतका मऊ केलेला की दात नसलेल्या आजोबांनाही चालतो. किती दिवस टिकेल ते दुकानात विचारून घ्या आणि गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.

आणि किराण्याच्या दुकानातून वाळलेली सांगरी पाव किलो आणि केर त्याच्या निम्मे. स्वस्त नाहीत, पण भिजल्यावर फुगतात. एक वाटी सांगरी आणि पाव वाटी केर वेगवेगळे निवडून, चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. सांगरी साध्या पाण्यात, केर मात्र आंबट ताकात, म्हणजे त्यांचा तुरटपणा उतरतो. सकाळी पुन्हा धुऊन मऊ होईतो उकडा आणि ते पाणी टाकून द्या. चांगलं सढळ तेल तापवून जिरं, हिंग, चार सुक्या मिरच्यांची फोडणी करा. हळद, तिखट, धणेपूड थोड्या दह्यात कालवून त्यात घाला, तेल सुटलं की केर-सांगरी, मीठ आणि चमचाभर आमचूर. झाकण न ठेवता मंद आचेवर दहा मिनिटं परता. कांदा नाही, लसूण नाही, पाणी नाही. प्रवासात दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहते.

आमच्याकडे ही भाजी झाली की सासूबाई पानावर बसल्या बसल्या शेजारच्या बाकावरची ती संध्याकाळ आठवतात. "त्या मुलानं तुला तीनदा गरम भाकरी आणून वाढली होती," म्हणतात. तिसरी नको म्हणत होते मी, पण खाल्ली.