कथा फुकट असली तरी लेबल हवंच



आपल्याकडच्या अनेक घरांत मुलं हॅरी पॉटरची पुस्तकं संपवून हॅरी पॉटरवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांकडे वळलेली दिसतात. यालाच फॅन फिक्शन म्हणतात. पात्रं उसनी, कथानक स्वतःचं, मानधन शून्य. या कथांत वसतिगृहातल्या गमतीजमती असतात, तसाच रक्तपात आणि बलात्कारही असतो. मग लेखकाने वाचकाला आधी सावध करावं का? आमचं उत्तर 'हो' आहे. प्रश्न आहे तो किती आणि कसं, याचा.

१९९८ साली सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेटने चित्रपटांसारख्या वयानुसार श्रेण्या ठेवल्या. २००२ साली तर केवळ प्रौढांसाठीच्या कथांवर बंदीच घातली. पण श्रेणी म्हणजे 'तिखट किती' एवढंच सांगणं. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याला तिखटाचा अंदाज देऊन काय उपयोग? आत काय घातलंय, ते कळायला हवं.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ २००९ साली सर्वांसाठी खुलं झालं. देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालणाऱ्या या संग्रहाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कारही मिळाला. इथे ठरावीक इशारे चारच आहेत: भडक हिंसाचार, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. 'यातलं काही नाही' असंही सांगता येतं. शिवाय 'मी इशारा देणार नाही' हा पर्यायही आहे.

आमच्या मते खरी हुशारी या शेवटच्या पर्यायात आहे. "नायक मरणार हे आधीच सांगितलं तर कथेत उरलं काय?" ही लेखकांची तक्रार रास्त आहे. त्यांनी रहस्य खुशाल राखावं. फक्त राखलंय एवढं सांगावं. मग पुढे जायचं की नाही, ते वाचक ठरवेल. फुकट लिहिणाऱ्याकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं ठरेल. जगातल्या प्रत्येक दुखऱ्या आठवणीची यादी कुणालाच करता येणार नाही.

दुसरा आक्षेप संशोधनाचा. अशा इशाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. इशाऱ्यामुळे मजकुराचा त्रास कमी होत नाही, उलट वाचण्याआधीची धाकधूक वाढते, आणि लोक तो मजकूर विशेष टाळतही नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणजे इशारा हे औषध नव्हे, हे मान्य करायला हवं. पण डब्यावरचं लेबलही औषध नसतंच. ती माहिती असते. आणि या संग्रहात त्या माहितीवर चाळणी लावता येते. नको असलेला इशारा वगळला, की तशा कथा यादीत येतच नाहीत. समोर आलेलं टाळणं वेगळं आणि ते समोरच न येणं वेगळं.

आता आपल्यासारख्या पालकांचा भाग. लॉगिन न करता प्रौढांची कथा उघडली, तर एक सूचना येते आणि 'पुढे जा' म्हटलं की कथा उघडते. ते बटण बारा वर्षांच्या मुलालाही दाबता येतं. तेव्हा इशारा लेखकाने द्यावा. पण तो वाचायला आणि चाळणी लावायला मुलांना आपणच शेजारी बसून शिकवायचं आहे. आपली मुलं उद्या स्वतः अशा कथा लिहू लागली, तर त्यांनाही ही सवय असावी.