ढकललेल्या मजकुराला जामीन कोण?



सोसायटीच्या कर्जाला कोणी जामीन राहा म्हटले तर आपण काय करतो? माणूस पाहतो, त्याचे शेत पाहतो, घरात विचारतो, दोन दिवस टाळतो. आणि तोच आपण मोबाईलवर आलेला मजकूर पुरता न वाचता शंभर जणांच्या ग्रुपवर ढकलून मोकळे होतो! हटकले की उत्तर तयार: 'मी कुठे लिहिले? आले तसे पाठवले.' ही सबब आम्हाला मान्य नाही. पाठवला म्हणजे जामीन राहिलात.

कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून पोरगा माणिकपूरला, वसई-विरारकडे कामाला जातो. तिथून रात्री गावच्या ग्रुपवर एखादा व्हिडिओ येतो. पोरगा आपला, म्हणून मजकूरही आपला धरायचा, इथेच घात होतो. त्यालाही तो कोणीतरी ढकललेलाच असतो. मूळ कोणाचे, कधीचे, ना त्याला ठाऊक ना आपल्याला.

२०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ असेच देशभर फिरले. त्यातला एक मुळात पाकिस्तानातल्या कराचीची, मुलांना जपा असे सांगणारी फिल्म होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कापला होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे होते. म्हणजे ज्वारीच्याच मुलखातली माणसे.

माणिकपूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात गडचिंचल्याला १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारला गेला. पुढे त्या प्रेतांवरही धर्माचे मजकूर पिकवले गेले.

मग सरकारने लगाम घालावा काय? मुळीच नाही! सरकारचा लगामही पालघरनेच पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाईक केल्या. पोलिसांनी दोघींना अटक केली आणि एकीच्या काकाचा दवाखाना जमावाने फोडला. त्यात लावलेले ६६-अ कलम २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पोलिसाच्या हाती काठी दिली की ती अशी पडते. व्हॉट्सॲप कंपनीने २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुराला दोन बाणांची खूण ठेवून एकाच ठिकाणची. ठीक आहे. पण खोटे एकदाच पाठवले म्हणून खरे होत नाही.

आता आपल्या मालाचे पाहा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १० हजारांवर गेला होता. तारीख नाही, बाजार समितीचे नाव नाही, असा एखादा फोटो पुढच्या हंगामात फिरला की घरात कापूस भरून ठेवलेला माणूस त्यावर विसंबतो. कोणी रुईचा खंडीचा भाव कापसाचा म्हणून टाकतो. खंडी ३५६ किलोची, तीही सरकी काढलेल्या रुईची, एवढे सांगण्याचीही तसदी नाही. नुकसान वाचणाऱ्याचे, पाठवणारा नामानिराळा.

आणि सर्वांत वाईट म्हणजे आत्महत्या केलेल्या भावाच्या घरचे व्हिडिओ. आक्रोश करणाऱ्या त्या माउलीला कोणी विचारले होते काय? कळवळा म्हणून पाठवता हे आम्ही जाणतो. पण तिचा पोरगा उद्या शाळेत जाईल तेव्हा तोच व्हिडिओ वर्गातल्या पोरांच्या हातात असेल. आंदोलनासाठी सुद्धा तो आम्हाला नको.

दुसऱ्याचे पाठवूच नका असे आम्ही म्हणत नाही. बोंडअळीची सूचना, मोर्चाची तारीख जरूर पाठवा. पण वर आपल्या शब्दांत एक ओळ लिहा: हे कोणाचे, कोणत्या दिवसाचे, मी का पाठवतो आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर मजकूर तिथेच राहू द्या. चुकीचे गेले असेल तर दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका, कानात नको.

यंदाच्या वेचणीआधी प्रत्येक तालुक्याने आपल्या ग्रुपवर एवढे ठरवून घ्यावे: तारीख आणि बाजार समिती नसलेला भाव दिसला की टाकणाऱ्याला तिथेच विचारायचे. टाकणारा तालुकाप्रमुख असला तरी.